काळ्या मातीतलं सिव्हिल

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर इथल्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत एकच यादी दिवसभर ऐकू येते. आधी कॉम्प्युटर, मग आयटी, मग एआय, मग इलेक्ट्रॉनिक्स, आणि सगळ्यात शेवटी, फॉर्म रिकामा राहू नये म्हणून, सिव्हिल. बाप विचारतो, ‘‘सिव्हिल घेऊन हा करेल काय?’’ दुकानदाराकडे उत्तर नसतं आणि मुलाकडे तर त्याहून नसतं.

गंमत अशी की याच जिल्ह्यात घराबाहेर पडलं की डोळ्यांना दिसणारं बहुतेक काम सिव्हिलचं असतं. समृद्धी महामार्गाचा सुमारे ९७ किलोमीटरचा पट्टा जिल्ह्यातून जातो. अकोल्याहून वाशिम-हिंगोलीमार्गे नांदेडला जाणारा महामार्ग चौपदरी झाला. पैनगंगेवर बॅरेजेस उभी राहिली. जलजीवनच्या टाक्या, घरकुलं, पाणंद रस्ते, शाळांच्या खोल्या, शहराभोवती रोज पडणारे नवे प्लॉट हे वेगळंच. काम चहूकडे आणि शाखा मात्र यादीच्या तळाशी, असा हा उलटा हिशेब आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते तपासून घेता येईल. सिव्हिलची पदवी वाशिमच्या मुलाला आजही पोट भरायला पुरते. पण तिचा निम्मा अभ्यास वर्गाबाहेर, याच मातीवर व्हायला हवा, आणि तो होत नाही.

या शिक्षणाची सुरुवातच सरकारी गरजेतून झाली. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग निघाला तो बांधकाम खात्याला हाताखाली शिकलेली माणसं हवी होती म्हणून. विश्वेश्वरय्या म्हैसूरकडून येऊन पुण्याच्याच कॉलेजात शिकले, १८८३ साली उत्तीर्ण झाले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले. दर १५ सप्टेंबरला आपल्या कॉलेजांत त्यांच्या तसबिरीला हार पडतो, भाषणं होतात. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी खानदेशात कामावर उभं राहून काढली, हे सांगणारा वक्ता क्वचित भेटतो.

वऱ्हाडात हे शिक्षण बऱ्याच उशिरा आलं. इंग्रजांच्या कागदांवरचं ‘बाशिम’ १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा होतं, मग अकोल्यात विलीन झालं आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळं झालं. मधल्या काळात इथल्या मुलाला इंजिनिअर व्हायचं तर १९६४ साली सुरू झालेलं अमरावतीचं शासकीय कॉलेज गाठायचं, नाहीतर नागपूर. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं आणि त्याच वर्षात बडनेरा, शेगाव, अकोला, पुसद अशी कॉलेजं निघाली. अमरावती विद्यापीठही त्याच वर्षीचं. जिल्ह्यातल्या कुठल्याही मुरलेल्या इंजिनिअरशी बोला, यांपैकी एखाद्या गावाचं नाव निघतंच. खुद्द वाशिमला पदवीसाठी सावरगाव बर्डे इथलं सन्मती अभियांत्रिकी महाविद्यालय आणि पदविकेसाठी शासकीय तंत्रनिकेतन आहे. तरी वस्तुस्थिती ही की पोरं अजूनही बाहेरच जातात. कारंजा-मानोऱ्याकडची अमरावती किंवा यवतमाळ बघतात, रिसोड-मालेगावची चिखली, अकोला, थेट छत्रपती संभाजीनगर. मार्क बरे असले तर पुणे.

आत शिरायचे रस्ते दोन आहेत. पहिला सगळ्यांना माहीत असलेला: बारावी सायन्स, एमएचटी-सीईटी, मग कॅपच्या फेऱ्या. दुसरा दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याचा. घराघरांत दुसऱ्या रस्त्याकडे कमी मार्कवाल्याचा रस्ता म्हणून पाहिलं जातं. सिव्हिलपुरतं बोलायचं तर हा मोठा गैरसमज आहे. वाशिमच्या मुलासाठी मला हाच रस्ता शहाणपणाचा वाटतो, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण पैशाचं. अकरावी-बारावीची दोन वर्षं म्हणजे अकोल्यात नाहीतर लातूरला खोली, मेस आणि शिकवणी. तो खर्च शासकीय तंत्रनिकेतनाच्या तीन वर्षांच्या फीच्या कितीतरी पुढे जातो. दुसरं कारण हाताचं. सोळाव्या-सतराव्या वर्षी ज्याने लेव्हल लावली, दगडी बांधकामाची मापं काढली, ड्रॉइंगच्या शीटवर शीट उतरवल्या, त्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षात काय चाललंय ते समजतं. तिसरं कारण नोकरीचं, आणि ते कोणी नीट समजावून सांगत नाही. जिल्हा परिषद, बांधकाम, जलसंपदा या खात्यांतल्या कनिष्ठ अभियंता पदाची मूळ अर्हता स्थापत्यातली पदविका आहे. पदविका आणि पदवी दोन्ही हातात असलेल्या उमेदवाराला अर्ज करताना अर्हतेच्या वादात पडावं लागत नाही. शिवाय थेट दुसऱ्या वर्षासाठी राखलेल्या जागांखेरीज पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही मिळतात, आणि सिव्हिलच्या रिकाम्या जागांना तोटा नाही.

या रस्त्याची उणी बाजूही आहे. पदविकेचं गणित पातळ असतं. थेट दुसऱ्या वर्षात आलेला मुलगा सर्व्हेत पहिला येतो आणि एम-थ्रीला बॅक लावून बसतो, हे नेहमीचं. लाप्लास आणि डिफरन्शियल इक्वेशनसाठी त्याने पदविकेच्या शेवटच्या सुट्टीतच बारावीचं कॅलक्युलस उरकून घ्यावं. तेवढं केलं की पुढची गाडी अडत नाही.

फीबद्दल थोडक्यात. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाची निम्मी फी सुटते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी, त्याच उत्पन्न मर्यादेत, पूर्ण माफ झाली. वसतिगृहाच्या निर्वाहभत्त्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार आहे. सगळं महाडीबीटीवर किंवा तसल्याच अर्जांवर चालतं, आणि आधार-बँक जोडणीत एक अक्षर चुकलं की हप्ता अडकतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात वैधता ही कागदं मे महिन्यातच काढून ठेवलेली बरी, कारण जूनमध्ये तहसीलमध्ये पेरणीच्या कर्जवाल्यांचीही गर्दी असते.

आता शिकायचं काय ते पाहू. चार वर्षं, आठ सेमिस्टर. पहिल्या वर्षी सगळ्या शाखांचं मिळून एकच: गणित, भौतिक, रसायन, मेकॅनिक्स, ग्राफिक्स. दुसऱ्यापासून खरं सिव्हिल सुरू होतं. सर्व्हे, बांधकाम साहित्य, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल, फ्लुइड मेकॅनिक्स. मग जिओटेक, काँक्रीट, स्ट्रक्चरचं विश्लेषण, पाणीपुरवठा व मलनिःसारण, हायवे, हायड्रॉलॉजी. शेवटी आरसीसी आणि स्टीलचं डिझाइन, एस्टिमेट, प्रोजेक्ट. पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या तीच आहेत: ग्राफिक्सला भट्ट, सर्व्हेला पुनमिया, एस्टिमेटला दत्ता. यादी वाईट नाही. देशात कुठेही थोड्याफार फरकाने हीच यादी आहे. अडचण यादी संपवण्याच्या पद्धतीत आहे.

भाषेपासून सुरू करू. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेला मुलगा पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ ऐकतो आणि पुढचे तीन आठवडे काही विचारत नाही. तरफेचा नियम त्याला बैलगाडीच्या जुवापासून ठाऊक असतो. पण तो इंग्रजीत विचारता येत नाही म्हणून तो पाठांतराला लागतो, आणि एकदा लागलेली ही सवय आठव्या सेमिस्टरपर्यंत सुटत नाही. २०२१ पासून पदविकेत मराठी-इंग्रजी अशी दोन्ही भाषांची सोय झाली. तांत्रिक शिक्षण परिषदेने पुस्तकं मराठीत आणवली, पुण्याकडे संगणक अभियांत्रिकीची एक तुकडी मराठीतून सुरूही झाली. सिव्हिलला हे जास्त साजलं असतं, कारण या धंद्याची साइटवरची भाषा आधीच मराठी-हिंदी आहे. ओळंबा, गुण्या, रिंगा, सेंट्रिंग, गिट्टी, मुरूम, चुरी, थापी यांतलं काहीच इंग्रजीत बोललं जात नाही. तरी पुढचं डिझाइनचं कोड, टेंडर आणि मुलाखत इंग्रजीतच आहे, हे विसरून चालणार नाही. वर्गात समजावणं मराठीत आणि लिहिणं इंग्रजीत, असं आजही चांगले मास्तर गाजावाजा न करता करतातच.

मग सबमिशन. सेमिस्टरच्या शेवटी जर्नल पूर्ण करायची असते. एकाची जर्नल दहाजणांच्या हातून फिरते आणि प्रयोगाची निरीक्षणं दहाही ठिकाणी दशांशापर्यंत सारखी निघतात. परीक्षक तेही सही करून मोकळे होतात. प्रयोग झालेला नसतो, किंवा झाला तर पंचवीस मुलांच्या घोळक्यात मागच्या पाचांना फक्त समोरच्याचा खांदा दिसलेला असतो. लेखी पेपरला मागच्या पाच वर्षांचे प्रश्न काढले की पास होण्याइतकं भागतं. थिअरी आणि नोट्सचं हे गणित इतकं पक्कं बसलंय की ज्या मुलाला खरंच शिकायचंय त्याला प्रवाहाविरुद्ध पोहावं लागतं.

आणि तोटा किती होतो, ते पाहायला जिओटेकची एक चाचणी पुरेशी आहे. तिचं नाव फ्री स्वेल इंडेक्स. शेतातली काळी माती भट्टीत वाळवायची, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करून शंभर मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत टाकायचे. एकीत रॉकेल भरायचं, दुसरीत डिस्टिल्ड पाणी. काचेच्या कांडीने ढवळून हवा काढायची आणि चोवीस तास ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती तळाशी आहे तेवढीच असते, कारण रॉकेल मातीच्या पापुद्र्यांत शिरत नाही. पाण्यातली माती मात्र फुगून वर आलेली असते. दोन्ही उंच्यांतला फरक रॉकेलच्या मापाशी ताडला की टक्केवारी निघते. रस्त्याच्या कामाच्या केंद्रीय निकषांत ही टक्केवारी पन्नासच्या वर गेली तर ती माती भरावाला वापरायची नाही, असं लिहिलंय. खर्च नगण्य, सामान दोन नळ्यांचं, वेळ एक रात्र.

ही चाचणी कुठल्याही कॉलेजच्या मुलाने करावी. वाशिमच्या मुलाला तर तिच्यावाचून गत्यंतर नाही. हा सोयाबीनचा जिल्हा, म्हणजेच काळ्या मातीचा. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पावसात पाणी धरून फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, इतकं की मे महिन्यात धुऱ्यावरच्या भेगेत आख्खा पंजा जातो. त्यावर हलकं घर बांधलं तर ते दरवर्षी थोडं उचललं जातं आणि थोडं बसतं, एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. मालक गवंड्याला शिव्या घालतो, गवंडी सिमेंटला, आणि सिमेंटचा दुकानदार कंपनीला.

जुन्या लोकांनी गावठाणं पांढरीवर वसवली आणि काळी शेतीला ठेवली. त्यात शेतीचा विचार होता तसा घराचाही होता. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाशिम, कारंजा, मालेगाव ही गावं ज्या दिशांना वाढली, तिथे बहुतेक ठिकाणी कालपर्यंत तूर-सोयाबीन होतं. एन.ए. झालं, प्लॉट पडले आणि साडेतीन फूट खोल पाया खणून घर उभं राहिलं. यावर उपाय आहेत आणि ते आपल्याच देशात शोधले गेले आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल प्रचारात आणले. ते ऋतूंप्रमाणे ओलावा बदलणाऱ्या थराच्या खाली, साधारण साडेतीन मीटरवर, आपला पाय रोवतात. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मुरमासारख्या मातीचा थर दाबून देण्याची पद्धत अभ्यासली. कालव्यांच्या अस्तराला तिचा मोठा उपयोग झाला. चुन्याने माती सुधारण्याची रीतही आहे. सगळं अभ्यासक्रमात आहे, पेपरला सात मार्कांना येतंही. पण स्वतःच्या गावच्या पाच लेआउटची माती आणून तिचा स्वेल इंडेक्स नकाशावर मांडला, असा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याचा निघायला हवा होता. त्याऐवजी ‘काँक्रीटमध्ये प्लास्टिकचा वापर’ किंवा ‘उसाच्या राखेचा सिमेंटला पर्याय’ असले विषय छापील अहवालातून छापील अहवालात फिरतात. वाशिममध्ये ऊस किती, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

काँक्रीटचंही असंच. वर्गात स्लम्प कोन, क्यूबचे दीडशे मिलिमीटरचे साचे, सात आणि अठ्ठावीस दिवसांची ताकद हे सगळं होतं. साइटवर प्रश्न एकच असतो: मिक्सरमध्ये पाणी किती? एक-दीड-तीन या प्रमाणाच्या एम-२० काँक्रीटला ५० किलोच्या एका पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, असं आयएस ४५६ सांगतं. त्या तीसात ओल्या रेतीतलं पाणीही धरायचं असतं. पाऊस पडून गेलेल्या रेतीच्या ढिगातच काही लिटर असतात, आणि मिस्त्री बादलीने घालतो ते वेगळं. विद्यार्थी धीर करून बोललाच तर उत्तर तयार असतं: ‘‘सायेब, एवढा घट्ट माल रिंगांतून खाली उतरतच नाही ना जी.’’ मिस्त्रीचं म्हणणं खोटं नाही. सळया दाट असल्या आणि व्हायब्रेटर नसला तर घट्ट माल खरंच अडतो आणि खाली पोकळ्या राहतात. म्हणजे उत्तर पाणी वाढवण्यात नाही; गिट्टीचा आकार, व्हायब्रेटर, गरज पडली तर प्लास्टिसायझर आणि रिंगांची मांडणी यांत आहे. वॉटर-सिमेंट रेशो पाठ असलेला मुलगा इथे गप्प बसतो. दोन स्लॅब टाकताना उभा राहिलेला मुलगा मात्र मिस्त्रीला व्हायब्रेटर आणायला लावतो. फरक बुद्धीचा नाही, उभं राहण्याचा आहे.

रस्त्यांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत इथे जे झालं ते पुन्हा एका पिढीला बघायला मिळेल असं वाटत नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, पूर्ण रस्ता जून २०२५ मध्ये. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या भागांत तीनेक वर्षं भराव, मोऱ्या, पूल, इंटरचेंज यांची कामं चालू होती, कंत्राटदारांच्या कॅम्पात मातीच्या आणि काँक्रीटच्या प्रयोगशाळा चालू होत्या. शेजारच्या अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. त्यावेळी किती कॉलेजांनी मुलांना एसटीत बसवून तिथे नेलं? ‘साइट व्हिजिट’ म्हटलं की आपल्याकडे धरण पाहून येता येता शेगावला दर्शन, एवढाच बेत ठरतो. दर्शनाला माझा विरोध नाही, पण रोलरच्या किती फेऱ्यांनी भरावाची घनता हवी तेवढी येते, हे कुणीतरी विचारून यायला हवं होतं.

पाण्याचा विषय आणखी गुंतागुंतीचा, आणि हायड्रॉलॉजीच्या पुस्तकात तो मुळीच सापडत नाही. पैनगंगा जिल्ह्याच्या दक्षिणेकडून वाहते, खाली इसापूर धरण आहे आणि त्याचं पाणी प्रामुख्याने हिंगोली-नांदेडकडे जातं. वर पाणी अडवायचं तर खालच्या धरणाच्या हिश्शाचा प्रश्न येतो, पाणी उपलब्धतेचं प्रमाणपत्र लागतं. विदर्भाच्या सिंचन अनुशेषाची चर्चा दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून चालू आहे. यातून मोठ्या धरणाऐवजी नदीच्या पात्रातच पाणी धरणाऱ्या बॅरेजेसकडे कल गेला. बॅरेज म्हणजे उचलदारांचा बांध: पुरात दारं वर, पूर ओसरला की खाली. त्याचा स्वस्त भाऊ कोल्हापुरी बंधारा; त्याच्या फळ्या पावसाळा सरता सरता बसवायच्या असतात. फळ्या वेळेवर बसल्या नाहीत, रबरी पट्टी गेली किंवा फळ्याच गायब झाल्या तर डिझाइन कितीही बरोबर असो, फेब्रुवारीत पात्र कोरडं. आणि पात्रात पाणी राहिलं तरी ते शेतात न्यायला वीज लागते. हे सगळं सिव्हिल इंजिनिअरच्या टेबलावर येणार असतं, पण रनऑफ काढण्याच्या सूत्राशी पेपर संपतो. पदवीच्या मुलाने एकदा तरी ऑक्टोबरमध्ये फळ्या बसवताना बंधाऱ्यावर जावं. शेजारच्या बुलढाण्यात महामार्गाच्या भरावाला तलाव-नाल्यांतली माती काढून वापरली आणि रस्त्यासोबत पाणीसाठाही वाढला. अशी दोन विषयांची सांगड परीक्षेत कधी विचारली जात नाही.

भूकंप मात्र आता कुणी हसण्यावारी नेत नाही. लातूरचा किल्लारी परिसर १९९३ मध्ये हादरला तेव्हा नकाशावर तो सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात साडेचार रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले. वाशिमहून हिंगोली किती जवळ, ते सांगायला नको. रिंगांची टोकं १३५ अंशांत वळवायची की ९० अंशांत सोडून द्यायची, एवढी साधी गोष्ट इथे घर वाचवते किंवा पाडते.

पदवी झाल्यावर काय? सगळ्यात मोठी रांग स्पर्धा परीक्षांची. राज्य लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा, जिल्हा परिषद आणि बांधकाम खात्याच्या भरत्या, केंद्राची कनिष्ठ अभियंता परीक्षा, गेट. पुण्यात किंवा अमरावतीत खोली घेऊन दोन-चार वर्षं अभ्यास करणारी मुलं प्रत्येक तालुक्यात आहेत. भरती कधी निघेल ते कुणाच्या हातात नाही, आणि मधल्या वर्षांत साइटचा हात बसलेला नसला तर खासगीतही दर पडतो. म्हणून अभ्यास करायचाच तर अर्धा दिवस कुठल्या तरी कामावर काढावा, असं मी प्रत्येकाला सांगतो, ऐकणारे थोडे.

दुसरी वाट जिल्ह्यातच आहे, आणि तिच्याबद्दल उघड कमी बोललं जातं. सरकारी कामांपैकी ठरावीक रकमेपर्यंतची कामं ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या निविदेने द्यायची, असा राज्याचा नियम आहे. पदवी वा पदविका घेऊन बांधकाम विभागात नोंदणी केली की मुलगा त्या यादीत येतो. कागदावर ही योजना उत्तम. तरुणाला पहिलं काम मिळतं, अंदाजपत्रकापासून मोजमाप पुस्तिकेपर्यंतचा सगळा प्रवास कळतो. व्यवहारात कित्येकदा नोंदणी पोराची, पैसा दुसऱ्याचा आणि पोराला टक्केवारी, असं होतं. पोरगा स्वतः उभा राहिला, गिट्टी-मुरमाच्या पावत्या स्वतः सांभाळल्या, बिल निघेपर्यंत दम धरला तर तीन-चार वर्षांत तो खरा ठेकेदार होतो. नाव भाड्याने दिलं तर पदवीच भाड्याने गेली.

तिसरी वाट कंत्राटी. घरकुल योजनेतले ग्रामीण गृहनिर्माण अभियंते, जलजीवनच्या कामांवरची पोरं, सल्लागार कंपन्यांचे साइट इंजिनिअर. मानधन बेताचं, फिरणं भरपूर. पण वीस गावांची घरं पायापासून छतापर्यंत तपासलेला मुलगा दोन वर्षांत जे शिकतो ते कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही. चौथी वाट नगरपालिकेच्या हद्दीत नकाशे मंजूर करून देण्याची. मुंबई वगळता जवळजवळ साऱ्या राज्याला लागू झालेली २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावली आणि ऑनलाइन परवानगी यांमुळे हा व्यवसाय तालुक्याच्या गावातही बऱ्यापैकी चालतो. ज्याने नियमावली नीट वाचलीय त्याच्याकडे गर्दी होते.

मुलींचं वेगळं लिहायला हवं. फी माफ झाली, शाखा उघडी आहे, पण साइटवर जायचं म्हटलं की घरातून आणि कधी कधी कॉलेजातूनही ‘ऑफिसचं काम बघ’ असा सल्ला मिळतो. साइटवर स्वच्छतागृह नसणं हे खरं कारण असतं आणि ते बोललं जात नाही. डिझाइन, एस्टिमेट, आयोगाच्या परीक्षा यांत मुली पुढे आहेतच. पण साइट टाळून शिकलेली डिझायनर आणि साइट पाहून शिकलेली डिझायनर यांच्या ड्रॉइंगमध्ये फरक पडतो.

राहता राहिला कॉलेजांचा प्रश्न. जिल्ह्यात सरकारी आणि खासगी कामांचे क्यूब, सळया, माती, मुरूम तपासून घ्यायला लोकांना जागा हवी असते. कॉलेजांकडे मशीन असतं, पण ते वर्षातून दोन प्रात्यक्षिकांपुरतं चालतं. अकोला किंवा अमरावतीला पाठवायचे नमुने इथल्याच प्रयोगशाळेत आले, विद्यार्थ्याने साचा भरला, प्रत्येक थराला ३५ ठोके दिले, अठ्ठावीसाव्या दिवशी मशीनखाली ठेवला, तर त्याची जर्नल कुणाला उतरवून देता येणार नाही. यासाठी वेगळा निधी लागत नाही. चाचणीची फी घेता येते. लागतो तो रोज पाचपर्यंत प्रयोगशाळेत थांबणारा शिक्षक, आणि अडचण तिथेच आहे. तासिका तत्त्वावर नेमलेल्या मास्तरकडून ती अपेक्षा कशी करणार?

तोवर प्रवेशासाठी कॉलेज बघायला जाणाऱ्या बापाने आणि मुलाने माहितीपत्रक बाजूला ठेवून एवढं करावं. मटेरियल टेस्टिंग लॅब उघडून मागावी. क्यूब दाबायच्या मशीनवर कॅलिब्रेशनचं स्टिकर असतं, त्यावरची तारीख वाचावी. टोटल स्टेशनची बॅटरी चार्ज आहे का ते विचारावं. गावठाणांचा ड्रोनने सर्व्हे होऊन गेलाय. डंपी लेव्हलच्या पुढे तिथे काय शिकवतात, तेही विचारावं. बाहेर पडताना शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना गाठून त्यांचा प्रोजेक्ट कुठल्या गावच्या कामावर आहे ते विचारावं. उत्तरात खऱ्या गावाचं नाव आलं तर फॉर्ममध्ये ते कॉलेज वर घ्यायला हरकत नाही.